फाकाओफोचा डोंगर

श्रिया: आई, त्याला डोंगर आहे.

मृणालिनी: कशाला?

श्रिया: फाकाओफोला! आबाने मधोमध डोंगर केलाय, माझ्या कमरेएवढा. वर किल्ला आहे. आणि किल्ल्यावर शिवाजी महाराज बसलेत!

मृणालिनी: हळू. आबा आत गेलेत, बहिरे नाही झालेले. आणि चादर तीन वाजता काढायची ठरली होती ना?

श्रिया: मी फक्त कोपरा उचलला. आई, तीन वाजता माझ्या वर्गातल्या लुईसाचे आजोबा येतायत, यूटच्या मागच्या हौद्यात घालून हे शाळेच्या हॉलवर न्यायला. मिकाएले आजोबा फाकाओफोचेच आहेत. आणि मी त्यांना सांगून बसलेय की माझे आबा इंजिनिअर आहेत, ते तुमचं बेट एग्झॅक्टली बनवतायत.

मृणालिनी: आबा ओव्हरसियर होते. पाटबंधारे खात्यात.

श्रिया: तेच ते.

मृणालिनी: तेच नाही. पण पुढे सांग.

श्रिया: ते सतरा वर्षांचे असताना चक्रीवादळ झालं, मग ते इकडे न्यूझीलंडला आले. एक्केचाळीस वर्षं झाली, परत गेलेच नाहीयेत. तिथे विमानतळच नाही ना. सामोआपर्यंत जायचं आणि मग बोटीत दिवसभर, रात्रभर आणि अजून थोडं. लुईसा म्हणते, ते सारखे विचारतायत, माझं गाव झालं का, माझं गाव झालं का. आणि इथे काय आहे? डोंगर! तिथली सगळ्यात उंच जागा पाच मीटर आहे. आपल्या घराएवढी!

मृणालिनी: मग आबांना सांग.

श्रिया: तू सांग. तुझे बाबा आहेत.

मृणालिनी: मॉडेल तुझ्या शाळेचं आहे.

श्रिया: त्याने आठ दिवस केलंय ते. नवरात्राचे उपास करून! मला नाही सांगता येणार.

मोरेश्वर: काय सांगता येणार नाही, श्रियाबाई?

श्रिया: काही नाही, आबा.

मोरेश्वर: काही नाही म्हणणाऱ्या माणसाच्या नखात चिखल कसा? चादर उचललीस ना? अगं मग चल गराजपुढे, आता दाखवतोच. मृणाल, तूही ये. हा पाया बघ, जुन्या दरवाजावर उभारलाय, चौघांनी उचलला तरी वाकायचा नाही. आणि हे मावळे. विमानतळावर त्या बाईने एकेकाचे पाय वर करून भिंगातून पाहिले, माती आणलीय का म्हणून. म्हटलं बाई, हे मातीचेच आहेत! बोल, कसा झालाय?

श्रिया: खूप छान आहे.

मोरेश्वर: एवढं तोंड पाडून छान?

मृणालिनी: आबा, तुम्ही नकाशा कुठला धरलात?

मोरेश्वर: हिनेच दिलेला. हा काय, खिशातच आहे. बाहेरची ही रेघ, आत ही दुसरी रेघ. एकात एक. नीरेच्या कालव्यावर चौतीस वर्षं काढली मी, समोच्च रेषा मला नको शिकवूस. एकात एक रेघ म्हणजे चढ.

मृणालिनी: किंवा खड्डा.

मोरेश्वर: खड्डा कसा असेल? बेट आहे ना? बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगर. जंजिरा घे, घारापुरी घे.

मृणालिनी: इथेही होता डोंगर. ज्वालामुखीचा. तो लाखो वर्षांत खाली खचत गेला, आणि त्याच्या कडेकडेने प्रवाळ वर वाढत राहिलं. डोंगर बुडाला, कडं उरलं. ह्या दोन रेघा म्हणजे कड्याची बाहेरची बाजू आणि आतली बाजू. जमीन फक्त दोहोंच्या मध्ये. तीसुद्धा सलग नाही, साठेक तुकडे आहेत.

मोरेश्वर: आणि आत?

श्रिया: पाणी, आबा. आत लगून असतं. म्हणजे तळं.

मोरेश्वर: तळं.

श्रिया: सॉरी आबा. मी सांगायला हवं होतं. पण तू चादर घातलीस आणि म्हणालास सरप्राइज. आपण असंच ठेवू या. मी सांगेन की हा दिवाळीचा किल्ला आहे, इट्स अ कल्चरल थिंग.

मोरेश्वर: थांब, थांब. मधे तळं, भोवती बांध?

मृणालिनी: साधारण तसंच.

मोरेश्वर: अगं मग आधी बोलायचं नाही का! डोंगर काय, कुणीही करेल. डोंगरात अक्कल नाही लागत. जन्मभर पाणी अडवलं मी! किती वाजले?

मृणालिनी: साडेअकरा.

मोरेश्वर: पुष्कळ वेळ आहे. काढा महाराजांना. नीट, दोन्ही हातांनी. त्यांना खिडकीत बसव, तिथून लक्ष ठेवतील.

श्रिया: येस! मी खोरं आणते!

मोरेश्वर: खोऱ्याला हात लावू नकोस!

श्रिया: का?

मोरेश्वर: आज खंडेनवमी. सकाळीच पूजा केलीय मी. खोरं, थापी, तुझ्या आईचा तो स्क्रूड्रायव्हरचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलंय. आज हत्यारांना सुट्टी. वर्षातून एक दिवस असतो त्यांचा.

श्रिया: आबा! तीन तास आहेत आपल्याकडे! आई, पुण्यात किती वाजलेत?

मृणालिनी: पहाटेचे चार.

श्रिया: बघ! तिकडे अजून सकाळच नाही झाली. म्हणजे अजून खंडेनवमी सुरूच नाही झाली!

मोरेश्वर: हत्यारं इथे आहेत, त्यांना इथली तारीख. वकील होणार ही मुलगी.

मृणालिनी: घमेलं चालेल का? की तेही हत्यार?

मोरेश्वर: घमेलं भांड्यात मोडतं. चालेल. आणि हात आहेत की, पाय आहेत. काढा त्या चपला.

श्रिया: जँडल्स.

मोरेश्वर: तुझ्या जँडल्स काढ आणि चढ डोंगरावर. ढकल! असं नाही, टाचेने! वरून खाली. आमचा राजाराम मुकादम असता तर एव्हाना तुम्हाला दोन शिव्या बसल्या असत्या.

श्रिया: कुठल्या?

मृणालिनी: आबा.

मोरेश्वर: मोठी झालीस की सांगेन. ही लाल माती घमेल्यात. काळी बाजूला ठेवा, ती लागणार. आता पाणी मार तिच्यावर आणि तुडव. धरणाच्या पोटात असाच काळ्या मातीचा गाभा असतो, तुडवून तुडवून लोण्यासारखा केलेला. मग पाण्याची छाती होत नाही आत शिरायची. मृणाल, तू काय नुसती बघतेस? सलवार वर कर आणि ये.

मृणालिनी: मी वेळ बघतेय.

श्रिया: आई, ये ना! हे खूप, हीप्स मजेदार आहे! एकदम गार गार!

मोरेश्वर: लहानपणी कालव्यावर यायचीस तेव्हा तुला चिखलातून ओढून काढावं लागायचं. आता लॅबमध्ये चमच्याने माती मोजतेस. ये, ये.

मृणालिनी: आले. सरका जरा.

मोरेश्वर: हां! आता मला सांगा, राजधानी कुठल्या तुकड्यावर? डोंगर गेला, आता सिंहासन कुठे ठेवू?

श्रिया: राजधानी नाहीच आहे. मी माझ्या भाषणात तेच सांगणार आहे. तोकेलाऊमध्ये तीन बेटं आहेत, आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. प्रत्येकाचा एक पुढारी. एका वर्षी एक जण सगळ्यांचा प्रमुख होतो, पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा. मग परत पहिला. जो प्रमुख, त्याच्या बेटावर राजधानी.

मोरेश्वर: म्हणजे दर वर्षी बदली! अगदी आमच्या खात्यासारखं. आणि भांडत नाहीत?

श्रिया: कशाला भांडतील? नंबर येणारच आहे ना.

मोरेश्वर: मृणाल, ऐकलंस? आपल्याकडे कुणाला तरी सांगायला हवं हे. माणसं किती?

मृणालिनी: तिथे दीड हजाराच्या आत. इथे न्यूझीलंडमध्ये सहा-सात हजार.

मोरेश्वर: गावापेक्षा गावाबाहेरच जास्त!

श्रिया: आणि मतदान आजपासून आहे, आबा! न्यूझीलंडच्या हाताखाली राहायचं की स्वतःचं स्वतः चालवायचं, ह्याचं. मतपेटी बोटीतून एकेका बेटावर जाणार. फाकाओफोचा नंबर शेवटी. मी काड्यापेटीची पेटी केलीये, ही बघ, आणि ही तिची बोट. गेल्या वर्षी पण झालं होतं, तेव्हा साठ टक्के हो म्हणाले, पण नापास झाले.

मोरेश्वर: साठ टक्क्याला नापास? आमच्या वेळी साठ म्हणजे फर्स्ट क्लास. पेढे वाटायचे.

मृणालिनी: दोन तृतीयांश लागतात. सहासष्ट पूर्णांक सदुसष्ट.

मोरेश्वर: मग ते तुझे मिकाएले आजोबा कुणीकडचे? हो की नाही?

श्रिया: त्यांना मतच नाही. जे तिकडे राहतात त्यांनाच आहे.

मोरेश्वर: तुडव, तुडव, थांबू नकोस. ह्या कोपऱ्यात अजून ढेकळं आहेत.

श्रिया: आबा, मावळे घ्यायचे का? नको ना?

मोरेश्वर: वा रे वा. साडेसात हजार मैल आलेत ते. त्यांना काम दे काहीतरी. तिथली माणसं करतात काय?

श्रिया: मासे पकडतात. आणि मग सगळे मासे किनाऱ्यावर मांडतात आणि सगळ्या घरांना सारखे वाटतात. जो मासेमारीला गेला नाही त्यालापण. आजारी असला त्यालापण. इनाती म्हणतात त्याला.

मोरेश्वर: मग झालं तर. हे सहा मावळे किनाऱ्यावर, वाटणीला. आणि हा भालेवाला?

श्रिया: भाल्याने पण मासे मारतात!

मोरेश्वर: बघ, पोराला नोकरी लागली. ढाल मात्र काढून घे, माशाला ढाल कशाला. भोवतीचा बांध झाला, आता नळी आण. पाणी सोडू या. हळू सोड, बोटाने धर धार. मृणाल, पातळीवर खूण कर.

मृणालिनी: काडीने केली. दहा मिनिटं बघू.

श्रिया: भरलं! आबा, आकाश दिसतंय त्यात! छप्पर पण दिसतंय! आई, बघ ना!

मृणालिनी: खाली गेलंय. दोन मिलिमीटर.

मोरेश्वर: कुठून? बोलू नका कुणी. पाणी बोलतं, आपण गप्प बसायचं... हे इथे. पश्चिमेला. हात दे तुझा, श्रिया. तुझी बोटं बारीक आहेत. इथे दाब. अजून. लागतंय गार?

श्रिया: लागतंय! बाहेर येतंय!

मोरेश्वर: आता हा गोळा, असा, अंगठ्याने आत. धरून ठेव. वीस आकडे मोज.

श्रिया: एक, दोन, तीन... आबा, तू खरंच इंजिनिअर आहेस.

मोरेश्वर: ओव्हरसियर. इंजिनिअर सही करायचे. मोज.

मृणालिनी: पातळी स्थिर आहे. आबा, थांबलं.

मोरेश्वर: थांबलं? खात्रीने?

मृणालिनी: काडीवर खूण आहे. या, स्वतः बघा.

मोरेश्वर: अरे वा! अरे वा, वा! पंचाहत्तराव्या वर्षी धरण बांधलं! तेही हत्याराविना! श्रियाबाई, दे टाळी!

श्रिया: माझे हात चिखलाचे आहेत!

मोरेश्वर: माझे काय चंदनाचे आहेत?

(बाहेर यूटचा हॉर्न वाजतो.)

श्रिया: आले! तीनला दहा कमी आहेत, आणि आले! आई, झाडं! नारळाची झाडं राहिली!

मृणालिनी: मी लावते. तू पुढे जा. आणि ऐक, त्यांना आधी काही सांगू नकोस. बघू दे.

श्रिया: कम इन, कम इन! मालो नी! मिकाएले आजोबा, हे माझे आबा. आबा, हात पुढे कर.

मोरेश्वर: नमस्कार, नमस्कार. वेलकम. हात जरा मातीचा आहे. त्यांना सांग, मला इंग्रजी येतं, पण खात्यातलं.

श्रिया: ते म्हणतायत चालेल, त्यांचे हात ग्रीसचे आहेत.

मोरेश्वर: छान. मग दाखव त्यांना... अगं, भोवती फिरून काय शोधतायत?

श्रिया: माहीत नाही.

मोरेश्वर: चुकलं का काही? विचार. खोली जास्त झाली असेल. मृणाल, खोली जास्त झाली का?

मृणालिनी: आबा, थांबा जरा.

श्रिया: ते विचारतायत, पूर्व कुठे आहे.

मोरेश्वर: पूर्व? ही इकडे, फाटकाकडे.

श्रिया: ते म्हणतायत, मग हे फिरवू या का? त्यांच्या घरातून लगूनवर सकाळचं ऊन यायचं. असं नाही येणार.

मोरेश्वर: बरोबर आहे त्यांचं. बरोबर आहे! नकाशात वर उत्तर दिशा असते, मी ती गराजच्या दाराकडे केली. लाग, मृणाल, तो कोपरा धर. मिस्टर मिकाएले, यू दॅट साइड. हळू, पाणी सांडेल. अजून. अजून थोडं. बस्स!

श्रिया: आता ते हसतायत. ते म्हणतायत, हा भालेवाला त्यांच्या काकासारखा दिसतो. मिशीसकट.

मोरेश्वर: सांग त्यांना, आमच्याकडे सगळ्यांचे काका असेच दिसतात.

श्रिया: ते विचारतायत, खिडकीत कोण बसलंय.

मोरेश्वर: सांग, पाहुणे आहेत. डोंगरी मुलखातले.

श्रिया: आणि ही पेटी काय आहे विचारतायत... मी सांगितलं. मतपेटी. शेवटी फाकाओफोला पोचते म्हणून.

मृणालिनी: श्रिया, त्यांच्या हातात दे की ती.

श्रिया: आबा, मी विचारू का त्यांना, त्यांचं मत काय असतं ते?

मोरेश्वर: नाही विचारायचं. मतदान गुप्त असतं.

श्रिया: त्यांनी पेटी बोटीत ठेवून बोट पाण्यात सोडली. आबा, बघ, एका बोटाने ढकलतायत, कडेकडेने. पण गाव तर समोरच आहे, मधून का नाही नेत?

मोरेश्वर: त्यांना माहीत असेल.

श्रिया: पण हॉल चारला बंद होतो. पाणी काढायचंय, यूटमध्ये चढवायचंय. उशीर होईल आपल्याला.

मोरेश्वर: होऊ दे. आधी त्यांना पोचू दे.