नाल्याकडच्या सहा ओळी

माझं तोंड कुणाला बंद करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या आबांनी मात्र ते एका वाक्यात बंद केलं.

मुक्ताईनगरकडे आमचा केळीचा बाग आहे. कापणीच्या दिवशी गेले, तर मजुरांनी सगळा बाग कापून नाल्याकडच्या सहा ओळी तशाच सोडलेल्या. मी तरातरा तिकडे निघाले. आबा मागून “थांब, थांब” म्हणत आले. आजोबांचं ऐकेन ती मी कसली! ओळींपाशी उभी राहून सुरूच झाले.

“इथे जंगल होतं, आबा. तुमच्या पिढीनं ते तोडून पार नाल्यापर्यंत केळी लावली. आता वाघांनी राहायचं कुठे?”

“हळू बोल.”

“का? खरं झोंबतं?”

“पिल्लं झोपली असतीन.”

“कुणाची?”

आबांनी हनुवटीनं खाली दाखवलं. ओल्या मातीत पंजा उमटला होता, माझ्या तळहातापेक्षा मोठा.

“वनखात्याला कळवलंत?” मी कुजबुजले.

“कळवलं. म्हने, तिकडं कोनाले जाऊ देऊ नका.”

“मग मला अडवायचं ना!”

“बांधापासून तेच करून राह्यलो.”

“आणि हे घड?”

“पिकू दे झाडावर. ती हाये म्हनून रानडुकरं फिरकत नाहीत. बाकीचा बाग तिनंच राखला.”

उलट्या पावलांनी आम्ही बांधापर्यंत आलो. आबांनी टोपी काढून घाम पुसला.

“हां, आता बोल. इथलं तिले ऐकू जात नाही.”