बाईंनी दोन कागद शेजारी ठेवले

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावर बसलेले शल्यचिकित्सक साहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती बाई, परिचारिका भगिनी, कर्मचारी मंडळी आणि चाकांच्या खुर्च्या ढकलत इथवर आलेले माझ्यासारखे आईबाप, सर्वांना माझा नमस्कार.

मी शिवणवर्ग चालवते. दहा बायकांपुढे बोलायची सवय आहे, एवढ्या सभागृहापुढे नाही.

माझी लेक बारा वर्षांची आहे, ती बघा, दुसऱ्या रांगेत. पोटात असतानाच तिचा पाठीचा कणा नीट मिटला नाही. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. पायांत जोर नाही, आणि डोक्यात साचणारं पाणी पोटात उतरवायला कातडीखालून नळी घातलेली आहे. बोलण्यात मात्र कुणाला हार जायची नाही. घरात तिला ‘रेडिओ’च म्हणतात. लोक म्हणायचे, पाय अधू असले तरी डोकं बघा कसं तल्लख! मीही त्यावर खूश.

ती सात वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा बाईंच्या खोलीत गेलो. मुलांचं लक्ष, स्मरण, समज तपासणं हे बाईंचं काम. बाई तिला म्हणाल्या, “पिशवीतून वही काढ, आजची तारीख घाल आणि वही मला दे.” लेकीने वहीच्या रंगाबद्दल सांगितलं, वही देणाऱ्या मामाबद्दल सांगितलं, मामाच्या मोटारसायकलबद्दलही सांगितलं. वही पिशवीतच.

“माझी मुलगी मंद नाही,” मी फटकन बोलले.

“मंद कोण म्हणतंय? तीन कामं एका दमात सांगितली की पहिलं हातात घेईपर्यंत उरलेली दोन निसटतात. तुम्हाला वाटतं, मुद्दाम ऐकत नाही. मारता का हो तिला?”

त्याच सकाळी मोजे घालायला वेळ लावला म्हणून थोबाडीत दिली होती.

बाईंनी मला एका वेळी एकच काम सांगायला शिकवलं. आणि दर भेटीत चाचणीच्या गुणांच्या आधी त्या विचारायच्या, “या महिन्यात ती कुणाकडे खेळायला गेली?” पहिलं वर्षभर ती कुणाकडेच गेली नव्हती. आज तिला दोन मैत्रिणी आहेत, चांगल्या भांडखोर.

मग गेल्या वर्षी काहीतरी बिघडू लागलं. ताप नाही, उलटी नाही. फक्त रेडिओ कमी वाजायला लागला. शाळा म्हणाली, आळस. सासूबाई म्हणाल्या, वय. आणि मी? मी म्हटलं, बरं झालं, घर जरा शांत झालं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

बाईंनी आदल्या वर्षीचा चाचणीचा कागद आणि त्या दिवशीचा, दोन्ही शेजारी ठेवले. पूर्वी जुळवलेली ठोकळ्यांची नक्षी आता तिला जमत नव्हती. मेंदूच्या स्कॅनमध्ये फारसा फरक नव्हता. “चित्र बदललं नाही, पोरगी बदललीय,” एवढंच म्हणत बाई साहेबांच्या दाराशी उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत. नळी तुंबत आली होती. साहेब, शस्त्रक्रियेनंतर आपण मला म्हणालात, “अजून पंधरा दिवस गेले असते तर...” वाक्य आपण पुरं केलं नाहीत.

बाईंच्या जागी कुणी येणार नाही, असं काल कळलं. कपाटात तीनशे मुलांचे कागद आहेत. ते उद्यापासून कोण उघडणार? मॅडम, मी तक्रार करत नाही, विचारतेय.

माफ करा, मी मघापासून अडखळतेय. इथे आल्यापासून लेकीने मला तीनदा विचारलं, “आई, आज कार्यक्रम कुणाचा आहे?” तिन्ही वेळा मी सांगितलं. मनाला समजावलं, गर्दीने बावरली असेल. आता ती मान टाकून झोपलीय, एवढ्या टाळ्यांत.

बाई व्यासपीठावरून कधी उतरल्या, मला कळलंच नाही. त्या तिच्याजवळ बसल्यात, तिला हाक मारतायत. आणि खुणावतायत, मला नाही, साहेबांना. साहेब, आपण उठलात, बरं केलंत.

मॅडम, पुष्पगुच्छ माझ्या हातून द्यायचा ठरला होता, तो आपणच द्या. सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पदरात घ्या. जरा वाट द्या, मला तिच्यापर्यंत जायचंय.