आठ थेंब

(सकाळी, फोनवर. अन्सेल्मो सान हुआनच्या हॉस्पिटलात खाटेवर. त्याची मुलगी इराइदा काबो रोहोच्या घरी, त्याच्या प्रवाळांच्या टाकीपाशी.)

अन्सेल्मो : ते राहू दे. हातोडा प्रवाळ उघडलंय का, ते सांग.

इराइदा : उघडलंय की. चांगलं फुगलंय. तुम्ही नाश्ता केलात का, बाबा?

अन्सेल्मो : नाश्ता कसला! बिनमिठाची मक्याची लापशी. आणि फांदीवालं?

इराइदा : तेही मजेत आहे. टोकं कशी जांभळीजर्द झालीत.

अन्सेल्मो : बुडाशी पांढरं आलं होतं ना त्याच्या? कापलंस?

इराइदा : कापलं. तुम्ही सांगितलंत तसंच. पांढऱ्याच्या वर दोन बोटं सोडून, चांगल्या भागातून. मग नव्या दगडाला चिकटवलं. थांबलं ते तिथेच.

अन्सेल्मो : जिवावर आलं असेल.

इराइदा : जरासं.

अन्सेल्मो : माझ्याही आलं होतं पहिल्यांदा. चांगला भाग कापायला मन होत नाही. मग माणूस पांढऱ्याला खेटून कापतो, आणि रोग वरच्या तुकड्यात जातोच. बरं, लाईट आली?

इराइदा : मघाशी, सकाळी आली. सोमवारी गेलेली आज गुरुवारी! पण घाबरू नका, पाणी फिरवणारे पंप आणि दिवे शेजारच्यांच्या जनरेटरवर चालवले मी. फक्त बाटल्यांचा तो छोटा पंप बंद होता, कॅल्शियम आणि सोडा थेंब थेंब सोडतो तो. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

अन्सेल्मो : तीन दिवस बंद?

इराइदा : हो, पण ऐका तर. आज उठल्या उठल्या चाचणी केली मी. नळीत पाणी घेतलं, औषध टाकत थेंब मोजले. आठव्या थेंबाला निळ्याचं पिवळं झालं. सोमवारीही आठच होते. म्हणजे काहीसुद्धा बिघडलं नाही!

अन्सेल्मो : किती म्हणालीस?

इराइदा : आठ. दोनदा केली, दोन्ही वेळा आठ.

अन्सेल्मो : इराइदा, बारा वर्षं ती टाकी सांभाळतोय मी. बाटल्या एक दिवस बंद राहिल्या की एक थेंब कमी होतो. अंग बांधायला ती प्रवाळं पाण्यातलं ओढून घेतात सगळं. तीन दिवसांत आठाचे पाच व्हायला हवेत.

इराइदा : मग आठ म्हणजे चांगलंच की. जास्त आहेत.

अन्सेल्मो : आठ म्हणजे आत खाणारं कोणी उरलं नाही.

इराइदा : बाबा, तसं नाही—

अन्सेल्मो : कधी गेली?

इराइदा : मी सांगणारच होते...

अन्सेल्मो : कधी गेली, ते विचारतोय.

इराइदा : रविवारपर्यंत सगळी. मी वेळेवर कापलं नाही, बाबा. कटर लावला होता. पण ते जिवंत होतं हो, बारीक बारीक तोंडं उघडी होती त्याची. मला वाटलं, थांबेल आपोआप. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या सकाळी कातडी पाण्यात तरंगत होती, ओल्या कागदासारखी. मग कापतच सुटले, मिळेल तिथे. हातोडाही सोलून निघाला. बादलीभर पांढरी हाडं अंगणात नेऊन ठेवली. शेजारची प्रुदेन्सिया कुंपणावरून विचारायला लागली, एवढा वास येतोय, काय मेलं तुमच्याकडे?

अन्सेल्मो : आणि मला रोज सांगत होतीस, जांभळीजर्द.

इराइदा : मग काय सांगायला हवं होतं? तुम्हीच बोललात ना डॉक्टरांसमोर? 'समुद्रात उतरणं तर बंदच केलंत माझं. आता टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचं तेवढं उरलंय, तेवढ्यासाठी देतो पायाची दोन बोटं कापून.' तेवढ्यासाठी! माझं नावसुद्धा घेतलं नाहीत. टाकी गेली म्हटलं असतं तर ऑपरेशनच्या कागदावर सही केली असतीत? तसेच उठून घरी आला असतात, त्या काळ्या पायानिशी.

अन्सेल्मो : आलो असतो.

इराइदा : तेच म्हणते मी!

अन्सेल्मो : सही केलेलीच नाही मी.

इराइदा : काय? मंगळवारी केली म्हणालात ना! उद्या ऑपरेशन आहे म्हणालात!

अन्सेल्मो : मंगळवारी कागद उशीखाली सारला. म्हटलं, बघू.

इराइदा : काय बघू, बाबा?

अन्सेल्मो : मघाशी डॉक्टरीणबाई आली होती. पट्टी सोडली. एवढा वास, पण नाकाला रुमाल लावला नाही बिचारीने. म्हणाली, बोटांचं आता विसरा. गुडघ्याखालून काढावा लागेल.

इराइदा : देवा.

अन्सेल्मो : पेनाने रेघ मारून दाखवली. मी म्हटलं, बाई, इथली कातडी तर धडधाकट आहे माझी. म्हणाली, म्हणूनच इथे.

इराइदा : मी निघते. ही निघालेच. अडीच तासांत पोचते. मला ओरडायचं ते आल्यावर ओरडा.

अन्सेल्मो : तुला काय ओरडू? अंगठा काळा पडून महिना झाला. तीन राजांच्या सणाला घरभर माणसं जमली होती, तेव्हाही पायातला मोजा काढला नाही मी. तू विचारलंस, तर म्हटलं थंडी वाजतेय.

इराइदा : जानेवारीतही पंखा लागतो काबो रोहोत, आणि म्हणे थंडी. आणि मी विश्वास ठेवला.

अन्सेल्मो : हो.

इराइदा : सही करा, बाबा. टाकी नसली तरी करा.

अन्सेल्मो : तू ये. तुझ्यासमोर करतो.

इराइदा : नक्की? मी पोचेपर्यंत पुन्हा काही मनात आणाल.

अन्सेल्मो : नक्की. पेन मागून ठेवलंय. आणि हे बघ, निघताना टाकी बंद कर. पंप, दिवे, सगळं. रिकाम्या पाण्याला कशाला उजेड.

इराइदा : अगदी रिकामी नाही.

अन्सेल्मो : आता आणखी काय लपवलंयस?

इराइदा : दोन मासे आहेत. ते निळे, छोटे. मला वाटलं तेही गेले. इतके दिवस दगडामागे दडून होते. आज सकाळी बाहेर आलेत.

अन्सेल्मो : दोन्ही?

इराइदा : दोन्ही. एकाचं शेपूट थोडं फाटलंय.

अन्सेल्मो : मग पंप चालू राहू दे. आणि दाणा टाक त्यांना, मग नीघ.