दोरीबाहेरचे साहेब

आखाती मुलखातील शराफिया वस्तीतल्या दवाखान्यात पाइपांचे एक्स-रे काढणाऱ्या कामगारांच्या वार्षिक रक्ततपासणीचा दिवस होता. माझ्या शेजारी रत्नागिरीकडील गफूरभाई व त्यांच्या पत्नी फरहानाबाई विराजमान होते. त्यांचा संवाद यथातथ्य सादर करीत आहे.

"अहो, मोठ्या साहेबांनाच अडवलंत?"

"पाइपाच्या जोडाचा एक्स-रे चालू होता. ते धोक्याची दोरी ओलांडायला लागले. मी यंत्र बंद केलं आणि चावी खिशात टाकली."

"आणि ते?"

"म्हणाले, ‘यल्ला, चालू कर, मी इथंच उभा राहतो.’ मी म्हटलं, आधी दोरीबाहेर व्हा."

"आपला इकामा, इथं राहायचा परवाना, त्यांच्या हातात! आपल्या झयानची शाळा अर्ध्यावर सोडून गावी जायचं होतं का?"

"वीस वर्षांत किरण चालू असताना माझ्या दोरीच्या आत एक माणूस आला नाही, फरहाना."

"मग काय झालं?"

"गेले बाहेर. आज सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, यंत्राची चावी गफूरकडेच राहील."

"खलास? एवढंच?"

"एवढंच."

फरहानाबाईंनी ओढणी सावरली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, जरा सरकता का? यांना ऐसपैस बसू द्या. साहेबांना दोरीबाहेर काढलंय यांनी."