नवा पत्ता

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई आणि तिचा मोठा भाऊ उभे होते. दुकानदार तिच्या लॅपटॉपवर ब्राउझरचं नवं प्रोफाइल उघडत होता.

“ताई, जुन्यातलं काय काय घेऊ?”

“मुलीच्या शाळेचे बुकमार्क तेवढे घ्या. पासवर्ड नकोत, ते आमच्या ह्यांना पाठ आहेत.”

“अगं, चार दिवसांत राग निवळेल. एवढं कशाला?”

“दादा, मी शोधलेलं सगळं त्यांच्या मोबाइलवर दिसतं. ‘नवरा मारतो, काय करावं’ हे त्यांनी मलाच मोठ्यानं वाचून दाखवलं.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“फोन करताना ते शेजारीच बसलेले असायचे.”

“ताई, फॉर्म भरताना पत्ता आपोआप येतो. जुनाच ठेवू?”

“पुसा तो. नवा अजून काही...”

“आमच्या घराचा टाका,” भाऊ म्हणाला. “मी सांगतो, लिहून घ्या.”