मजीदभाईंच्या पेटीतलं दिल

जुन्या शहरातल्या माझ्या भावांनो, बहिणींनो, एवढ्या उन्हात जमले तुमी. मी अमरावतीहून आलो. कॉलेजात मास्तर हाय, बोलाचाच पगार घेतो. पन मजीदभाई कुल्फीवाल्याच्या शोकसभेत बोला म्हटलं, तं सकायपासून चार कागद लिहून फाडले.

तुमाले ते पेटीचं आठवते ना? नव्या सुनाइले माहीत नसन, म्हनून सांगतो.

तवा मी इथंच अकोल्यात शिकवत होतो. कपाशी बुडून राहिली होती, लाईटीचा तं पत्ताच नसे. अन् माझ्यापाशी होती एक नखाएवढी कुपी. तिच्यात मानसाच्या हृदयाच्या स्नायूतून काढलेलं, शुद्ध केलेलं प्रथिन. हार्ट अटॅक रक्तावरून ओयखाची चाचनी असते ना, तिच्या कामाचं. माझं सारं संशोधन त्या कुपीत. गरम झालं की खलास. अन् कॉलेजचा फ्रीजर बंद!

पयत आलो भाईकडं. त्याइच्या पेटीत मीठ-बर्फ. म्हटलं, ‘भाई, एवढं ठेवा.’

‘काय हाय?’

सांगितलं.

‘कोनाचं दिल हाय, सर?’

म्हटलं, ‘माहीत नाही. नाव कोनी सांगत नाही.’

भाईनं पेटीचं झाकन उघडलं. म्हने, ‘मेल्यावरबी लोकाइच्या कामी येऊन राहिला हा. अन् त्याच्या बाजूले मलई कुल्फी ठेवू? मानूस हाय तो!’

झाली पेटी रिकामी! लग्नाच्या ऑर्डरीची कुल्फी होती, हो. कपाशीपायी दोन हंगाम लांबलेलं लग्न, दुसऱ्या दिवशी होतं. साऱ्या गल्लीनं कुल्फी हानली. सदाशिव, मान काहून खाली घालतो? तूबी खाल्ली. नवरीचे मामा हे समोरच बसले. मामाजी, वऱ्हाडाले तुमी नुसते बर्फाचे गोये चारले, मले माहीत हाय. आज तरी भाईले माफ करा.

सकायी लाईट आली. मी थर्मास घेऊन पोचलो, तं गल्ली टोप्या-रुमाल घालून उभी! भाई म्हने, ‘असं कसं नेता? कंधा देऊ.’ कुपी नखाएवढी, अन् चौघांनी पेटी उचलली. भाईच्या लोकाइत मय्यत रेंगाळू देत नाहीत, हे माझं नशीब. ते कॉलेजाकडं झपाझप पुढं, मी मांगं पयतो, चप्पल तुटली. रस्त्यानं जो भेटे तो खांदा देई. मोर्णेच्या पुलावर एकानं इचारलं, ‘कोन गेलं?’

भाई म्हने, ‘नाव नाही माहीत. पन दिल एकदम साफ होतं. सर म्हनतात.’

प्रथिन वाचलं. माझं कामबी झालं. पन भाई कवाबी भेटो, एकच इचारे, ‘सर, त्याच्या घरचे भेटले का?’

मी म्हनो, ‘कसे भेटतील, भाई?’

‘मंग आपुनच घरचे.’

परवा भाईची मय्यतबी तशीच झपाझप गेली. मी मांगं पयलो. रडलो, लपवत नाही. आता मले हा प्रश्न कोन इचारन?

चला, उभे राहू. मोबाइल बंद करा. मामाजी, तुमीबी उठा, मी हात देतो. आजचं मौन दोघांसाठी हाय. एक आपले मजीदभाई. अन् दुसरा तो. नाव माहीत नाही.

त्याच्या घरचे आपुनच.