यंत्राच्या बागेत पडलेल्या बाईंबाबत

नाव : सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, ओळखीत सगळे घड्याळकाका म्हणतात. वय : ६९. धंदा : घड्याळदुरुस्ती. राहणार : स्वतःच्या दुकानावरील दुसरा मजला.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी मुलगा व सुनेसह राहतो. तीन आठवड्यांपूर्वी सुनेने डोळ्यांवर लावायचे यंत्र आणले. ते लावले की घरबसल्या बागेत गेल्यासारखे होते आणि आपल्याच शहरातली माणसे बाहुल्यांच्या रूपात भेटतात, बोलतात. पहिल्या दिवशी मी कपाटाला नमस्कार केला, असे सून सांगते.

तिथे 'मैना' असे टोपणनाव घेतलेल्या बाई रोज सकाळी दहाला बाकावर येत. खरे नाव, पत्ता मी विचारला नाही. विचारायला हवा होता. त्यांच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येई. ती लंगडत होती, एक ठोका लांब, एक आखूड. मी म्हणालो, "बाई, घड्याळ तिरकं टांगलंय." त्या म्हणाल्या, "परवाच दुरुस्त करून आणलंय हो! तुम्ही घड्याळवाले दुसऱ्यावरच ढकलणार."

आज दहा वाजून वीस मिनिटांनी बाई बोलता बोलता थांबल्या. धप्पकन आवाज झाला. बाहुली जमिनीला टेकली. बाकीचे हसले, "यंत्र पडलं असेल," म्हणाले. मी हाका मारल्या. मग यंत्र काढले, चपला घातल्या आणि दोन जिने उतरून रस्त्यावर आलो. जायचे कुठे, हे तिथे लक्षात आले.

वर आलो. सून यंत्र लावून "मावशी, ऐकू येतंय का?" करीत बसली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची नाव-पत्त्याची चिठ्ठी आम्ही दुकानदार जपून ठेवतो. म्हणून एकेका दुकानाला फोन लावून, भिंतीवरचे घड्याळ नुकतेच दुरुस्त करून नेलेल्या आणि आता ते लंगडते अशा बाई कोण, असे विचारले. पाचवा दुकानदार म्हणाला, "काका, माझी टिकटिक सरळच होती! एकट्याच असतात त्या, टांगताना हात पोचला नसेल." पत्ता त्यानेच दिला. तो मी पोलीस ठाण्यात कळवला व रिक्षाने तिथे गेलो.

आपल्या लोकांनी माझ्यासमक्ष दार तोडले. बाईंचा श्वास चालू होता. स्ट्रेचरवर त्यांना प्रथमच पाहिले. वाटल्या होत्या त्यापेक्षा चणीने लहान आहेत.

रुग्णालयात कागदावर नाते विचारले. मी 'शेजारी' लिहायला सांगितले. घर किती लांब, असे विचारल्यावर अकरा किलोमीटर सांगितले.

बाई अजून बोललेल्या नाहीत.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करतो. भेटीची वेळ पाचपर्यंतच असल्याने आता मला सोडावे.